वाळूच्या कणावरचं बिऱ्हाड

डेन्मार्कमध्ये नळाला येणारं जवळजवळ सगळं पाणी जमिनीखालचं. बहुतेक ठिकाणी त्यात क्लोरीनही घालत नाहीत. मग जलशुद्धीकरण केंद्रात करतात तरी काय? पाणी हवेत खेळवतात आणि वाळूतून गाळतात. बस्स!

उपसलेलं पाणी दिसायला नितळ असतं, पण खोलवर प्राणवायू नसल्याने त्यात लोह आणि मँगनीज विरघळलेलं असतं, शिवाय थोडं अमोनियम. हवा लागली की लोहाचा गंज होतो आणि वाळूत अडकतो. इथवर समजतं. पण अमोनियम? ते पाण्यात पुरतं विरघळलेलं, वाळूच्या फटींतून खुशाल निसटावं. तरी खालून निघणाऱ्या पाण्यात ते जवळपास सापडतच नाही. कारण वाळूत जिवाणू असतात.

त्यांना कुणी आणून सोडलेलं नसतं. ते येतात आणि कणाकणावर बिऱ्हाड थाटतात. अमोनियम प्राणवायूशी जोडताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर त्यांची गुजराण. अंग वाढवायला लागणारा कार्बन पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडमधून. सूर्यप्रकाशाचं नावही नको! लोहावर जगणारा गॅलिओनेला तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखा: त्याच्यातून गंजाचे पीळदार धागे निघतात, थेट वळलेल्या सुंभासारखे. जुन्या फिल्टरमधली वाळू काळपट दिसते, ती मात्र मँगनीजच्या पुटांमुळे. ही पुटं चढायला वेळ लागतो. म्हणून नव्या फिल्टरमध्ये कधीकधी जुन्यातली वाळू विरजणासाठी मिसळतात.

अमोनियमचं नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे, असं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्कीच्या संशोधनापासून, म्हणजे शतकाहून अधिक काळ, मानलं जात होतं. २०१५ मध्ये दोन संशोधक गटांनी एकाच वेळी दाखवलं, की नायट्रोस्पायरा कुळातले काही जिवाणू दोन्ही कामं एकट्याने उरकतात. एका गटाला ते मिळाले तेलाच्या शोधात खणलेल्या १२०० मीटर खोल विहिरीच्या गरम पाण्याच्या नळात, दुसऱ्याला मासे वाढवण्याच्या टाक्यांच्या फिल्टरमध्ये. पुढे डेन्मार्कच्या वाळूतही ते भरपूर सापडले. या कुळाला तोवर फक्त दुसऱ्या टप्प्याचं श्रेय मिळत होतं!

मला त्याहून मौज वाटते ती तांब्याची. काही डॅनिश केंद्रांत सगळं यथासांग असूनही अमोनियम हटेना. वाळू धुतली, हवा वाढवली, तरी तेच. अमोनियमवर पहिला घाव घालणाऱ्या विकराला तांबं लागतं, आणि तिथल्या भूजलात ते नावापुरतंही नव्हतं. मग लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावं इतकं तांबं सोडायला सुरुवात झाली. काही आठवड्यांत अमोनियम मर्यादेखाली आलं.