फुफ्फुसार्बुद आणि शेजारच्या खंडातील लसीका ग्रंथी

टेंभुर्णी परिसरातील जुनाट कास, उरःशूल किंवा रक्तष्ठीवन असलेला रुग्ण बहुधा प्रथम वैद्याकडे अथवा औषधालयात येतो. मोठ्या रुग्णालयात तो सर्वांत शेवटी पोहोचतो. म्हणूनच फुफ्फुसाचा कर्करोग कोणत्या वाटेने पसरतो, हे ज्ञान केवळ शल्यचिकित्सकांपुरते राहू नये, असे आम्हांस वाटते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, ११ व्या अध्यायात, ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा एकत्र विचार आहे. अपचीच्या स्थानांत अक्षकाचा निर्देश आहे. तसेच एका अर्बुदापाठोपाठ होणाऱ्या दुसऱ्या अर्बुदास अध्यर्बुद व द्विरर्बुद या संज्ञा आहेत. आधुनिक वर्णनाशी यांची सरसकट सांगड घालणे योग्य नव्हे. परंतु गाठ दिसताच तिचे मूळ शोधावे, ही दृष्टी आपल्या शास्त्रातही आहे.

उजव्या फुफ्फुसाचे तीन व डाव्याचे दोन खंड असतात. प्रत्येक खंडातील लसीका श्वासनलिकेच्या शाखांलगतच्या ग्रंथींतून फुफ्फुसमूळाकडे व तेथून छातीच्या मध्यभागातील ग्रंथींकडे वाहते. मात्र खंडांच्या सीमा लसीकेला पूर्णपणे अडवीत नाहीत. जॉन बोरी या शल्यचिकित्सकाने १९५२ साली दाखवून दिले की, खंडांच्या मधोमध असलेला ग्रंथींचा एक समूह शेजारील सर्व खंडांची लसीका स्वीकारतो. त्यामुळे वरच्या खंडातील अर्बुदाच्या पेशी खालच्या खंडालगतच्या ग्रंथीत सापडू शकतात. अशा वेळी केवळ रोगी खंड काढून भागेलच असे नाही. शस्त्रक्रियेचा आवाका वाढू शकतो. काही वेळा तर पेशी जवळच्या ग्रंथी वगळून थेट मध्यभागातील ग्रंथींत पोहोचतात.

ग्रंथींच्या स्थानावरून रोगाचा टप्पा ठरतो. त्याच बाजूच्या फुफ्फुसातील व फुफ्फुसमूळातील ग्रंथी बाधित असल्यास ‘एन १’, त्याच बाजूच्या मध्यभागातील किंवा श्वासनलिकेच्या दुभाजनाखालील ग्रंथी बाधित असल्यास ‘एन २’, आणि विरुद्ध बाजूच्या अथवा अक्षकावरील ग्रंथी बाधित असल्यास ‘एन ३’ असे म्हणतात. शेजारच्या खंडात ग्रंथीऐवजी स्वतंत्र अर्बुद उत्पन्न झाले असेल, तर ती बाब निराळी. तिची गणना ‘टी ४’ मध्ये होते. ‘एन ३’ अवस्थेत शस्त्रक्रियेचा मार्ग बहुधा बंद होतो. अक्षकावर बोटांना लागणाऱ्या कठीण गाठीचे महत्त्व यावरून ध्यानी यावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्या देशात क्षयरोगानेही छातीतील ग्रंथी वाढतात व पेट स्कॅनमध्येही त्या उजळ दिसतात. सीटी स्कॅनमध्ये १ सेंटीमीटरहून अधिक लघुव्यासाची ग्रंथी संशयास्पद मानली जाते. तथापि मोठी ग्रंथी म्हणजे कर्करोगच असे नव्हे, आणि लहान ग्रंथी निर्दोषच असेल असेही नव्हे. ग्रंथीतील पेशी सुईने काढून तपासल्याशिवाय निश्चिती होत नाही. याच साम्यामुळे कर्करोगाच्या रुग्णाला थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे दिली जातात आणि मोलाचे महिने वाया जातात.

आपल्या जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेडोपाडी जाऊन, ग्रामस्थांशी बोलून रुग्ण शोधणे ही तिची पद्धत. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय टेंभुर्णीहून कुर्डुवाडीमार्गे गाठता येते. संशयित रुग्णाला थेट मुंबईस जाणे अशक्य वाटले, तरी ही वाट त्यास दाखवता येईल.

वैद्यांनी व औषधालयचालकांनी पुढील नियम पाळावेत, अशी आमची विनंती आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या कासात सितोपलादि चूर्ण वा वासावलेह पुन्हा देण्यापूर्वी थुंकी तपासणी व छातीचे क्ष-किरण चित्र करून घ्यावे. विडी-तंबाखूचा इतिहास विचारावा. पण तो नाही म्हणून संशय सोडू नये. मान व अक्षकप्रदेश दोन्ही बाजूंनी चाचपावा. रक्तष्ठीवन, स्वरभेद किंवा अकारण कार्श्य असल्यास रुग्णास विनाविलंब पुढे पाठवावे. बलरक्षण, अग्निदीपन व मनोधैर्य यांसाठी आपली चिकित्सा कर्करोगतज्ज्ञांना कळवून पुढेही देता येईल. परंतु रोग एका खंडात आहे की शेजारी पोहोचला आहे, याचा निर्णय नाडीवर सोडू नये. तो तपासणीनेच व्हावा.