मृत वृक्षाची जमाखर्च वही

वाळलेले झाड म्हणजे केवळ जळाऊ लाकूड, अशीच सर्वसाधारण समजूत असते. तथापि फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून मध्य अमेरिकेमार्गे दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरलेल्या उष्ण प्रदेशातील एका सोंड्या भुंग्याचा संसार अशाच झाडावर थाटलेला असतो. लिनियसने १७५८ मध्ये शास्त्रीय नोंद केलेल्या या भुंग्याचे नाव आहे ‘ब्रेन्टस अँकोरॅगो’.

काडीसारखे लांबट, काळपट शरीर, पाठीवर पिवळसर-तांबूस पट्टे आणि सरळ पुढे आलेली सोंड हे त्याचे रूप. आपल्या सालई व गुग्गुळ यांच्याच कुळातील ‘गम्बो-लिम्बो’ हा वृक्ष मरणपंथाला लागला, की त्याच्या सालीखाली हे भुंगे मोठ्या संख्येने जमतात. मादी सोंडेने लाकडात बारीक छिद्र पाडून त्यात अंडे घालते. हे काम चालू असता नर तिच्यावर पहारा करतो आणि प्रतिस्पर्ध्यांशी झुंजतो.

या जातीचे खरे नवल तिच्या आकारमानात आहे. एकाच खोडावर सुमारे १० मिलीमीटर लांबीचा नर आढळतो आणि ५० मिलीमीटरच्या आसपासचाही! लेस्ली जॉन्सन यांनी या झुंजींचा व जोडीदाराच्या निवडीचा अभ्यास करून १९८२ मध्ये ‘इव्होल्यूशन’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. झुंजीत मोठ्या नरांची सरशी होते, हे त्यातून स्पष्ट झाले.

याच कुळातील एक लहानसा भुंगा भारतीय शेतकऱ्याच्या चांगल्याच परिचयाचा आहे. तो म्हणजे रताळ्यावरील सोंड्या. त्याच्या अळ्या रताळी आतून पोखरतात. कीड लागलेले कंद कडवट होतात आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक उरत नाही. त्यामुळे ‘सोंड्या’ हा शब्द ऐकताच नुकसानच आठवावे, हे स्वाभाविक आहे.

परंतु एका सदस्याच्या खात्यावरून साऱ्या कुळाची पत ठरवणे न्याय्य नव्हे. ब्रेन्टसच्या अळ्या वाढतात त्या मृत लाकडात. त्यांनी पाडलेल्या वाटांनी लाकूड हळूहळू कुजण्यास मदत होते आणि वृक्षाने साठवलेली पोषकद्रव्ये पुन्हा मातीत जमा होतात. ‘स्वच्छते’च्या नावाखाली वाळलेली झाडे सरसकट हटवली, तर ही परतफेडच खंडित होते.

हिशेबाच्या पुस्तकात घसारा वजा जाता एखाद्या मालमत्तेचे मूल्य शून्य दिसते, तरी ती प्रत्यक्षात उपयोगी असू शकते. जंगलातील वाळलेला वृक्षही असाच असतो. त्याचे खाते बंद करण्याची घाई नसावी.