लाकडी सांगाड्याचे घर व संवर्धनाचे तत्त्व : ॲल्फ्रिस्टन येथील क्लर्जी हाउस

प्रस्तावना
वारसावास्तू म्हटले की किल्ले, राजवाडे व देवालये डोळ्यांसमोर येतात. साधे राहते घरही जतनास पात्र असते, हा विचार त्या मानाने अलीकडचा आहे. इंग्लंडमधील ईस्ट ससेक्स परगण्यातील ॲल्फ्रिस्टन या खेड्यातले ‘क्लर्जी हाउस’ या विचाराच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोडकळीस आलेले हे घर पाडले जाण्याच्या बेतात होते. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्सली यांनी १८९५ मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल ट्रस्टने १८९६ मध्ये ते १० पौंडांना विकत घेतले. ट्रस्टने घेतलेली ही पहिली इमारत होय.

रचना
सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचे हे घर ‘वील्डन’ पद्धतीचे आहे. मध्यभागी छपरापर्यंत खुले असलेले दालन, दोन्ही बाजूंस दुमजली खोल्या आणि या सर्वांवर पेंढ्याने शाकारलेले एकच छप्पर, अशी त्याची मांडणी आहे. ओक लाकडाचे खांब, तुळया व वासे एकमेकांच्या खाचांत बसवून लाकडी खुंट्यांनी जखडलेले असतात. इमारतीचा भार हा सांगाडा पेलतो. मधल्या कुडाच्या भिंती केवळ आडोसा देतात. त्यामुळे खांबाचा पाया कुजला, तर तेवढाच भाग कापून तेथे नवे लाकूड सांधता येते. घर पाडण्याची आवश्यकता उरत नाही.

दुरुस्ती की पुनर्निर्मिती?
विल्यम मॉरिस यांच्या पुढाकाराने १८७७ मध्ये स्थापन झालेल्या प्राचीन वास्तू संरक्षण संस्थेने एक भेद स्पष्ट केला होता. वास्तूला तिचे कल्पित मूळ रूप देणे म्हणजे तिचा खरा इतिहास पुसणे होय; म्हणून आवश्यक तेवढीच दुरुस्ती करावी व जुने साहित्य शक्य तितके राखावे. क्लर्जी हाउसच्या दुरुस्तीत वास्तुविशारद आल्फ्रेड पॉवेल यांनी हेच तत्त्व अनुसरले. साहित्याची निवडही येथे निर्णायक ठरते. सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल कोंडून लाकूड कुजते. चुन्याचा गिलावा मात्र ओल बाहेर जाऊ देतो. सद्हेतूने केलेली चुकीची दुरुस्तीही अशा घराला मारक ठरू शकते.

कायद्याचे संरक्षण
इंग्लंडमध्ये नोंदणीकृत वास्तूंच्या तीन श्रेणी असून क्लर्जी हाउस ‘द्वितीय-तारांकित’ श्रेणीत आहे. अशी वास्तू पाडण्यास किंवा तिचे स्वरूप बदलेल असा फेरफार करण्यास पूर्वसंमती लागते. हे बंधन अंतर्भागासही लागू असून त्याचा भंग हा फौजदारी गुन्हा ठरतो.

समारोप
महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. पुण्यातील विश्रामबागवाड्यासारख्या वास्तूंतही लाकडी खांब-तुळयांना मध्यवर्ती स्थान आहे आणि मुंबईत १९९५ पासून वारसावास्तूंची श्रेणीनिहाय नियमावली आहे. तथापि, नियम वास्तू पाडण्यास अटकाव करू शकतो; गळके छप्पर तो शाकारू शकत नाही. त्यासाठी जुने सांधे जाणणारा सुतार, चुना मळणारा गवंडी आणि नियमित देखभालीचा खर्च लागतो. श्रेणी मिळूनही ही साधने नसली, तर घर कागदावर सुरक्षित राहते आणि प्रत्यक्षात कोसळते. क्लर्जी हाउस टिकले ते खरेदीमागोमाग दुरुस्ती झाली म्हणून, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.