एका घरात एक अक्षर

शब्दकोडे म्हणजे रविवारच्या पुरवणीतला विरंगुळा, असे आपण धरून चालतो. आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले, तेही करमणूक म्हणूनच. मराठीत मात्र लिपीने या खेळाचा स्वभाव बदलला. इंग्रजी कोड्याच्या घरात एक सुटा वर्ण बसतो. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर बसवावे लागते. ‘पुस्तक’ला घरे तीनच. ‘पुसतक’ लिहिणाऱ्याला चौथे घर कमी पडते आणि बाईंची लाल शाई वहीवर उतरण्याआधीच चूक कळते. ‘ज्योत्स्ना’ तर दोनच घरांत मावते! आडव्या ‘तीर’मधला ‘ती’ उभ्या ‘तीळ’शी जुळतो, ‘तिळगूळ’शी जुळत नाही. एरवी ऱ्हस्व-दीर्घाचे नियम घोकावे लागतात. इथे घोडे अडते, म्हणून मूलच विचारते, असे का? (कोडे रचणाऱ्याने मात्र वेलांटीकडे डोळेझाक करता कामा नये.)

प्रत्येक कोडे एवढे काम करत नाही. अक्षरांच्या चौकटीत दडलेला शब्द हुडकून त्याला गोल करायचा, हा शब्दशोध वर्गात सोयीचा. पण यादी समोरच असल्याने तो अर्थ न कळताही सुटतो. शब्दकोड्याची मेख शोधसूत्रात आहे. ‘नदीचा काठ किंवा भात्यातला बाण’ एवढ्या पाच शब्दांत ‘किंवा’पाशी थांबल्याशिवाय ‘तीर’ सापडत नाही.

ज्यांना शब्द येतात त्यांनाच कोडी सुटतात, हा आक्षेप वजनदार आहे. २०२२च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्केच मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. उरलेल्यांपुढे वर्तमानपत्री कोडे ठेवणे व्यर्थच. पण शिकवून झालेल्या धड्यातले सात-आठ शब्द घेऊन, जोडीजोडीने, मुलांनाच कोडे रचायला लावले तर? नाव न घेता वस्तू ओळखायला लावणे हे शोधसूत्राचे मर्म, आणि घरी आजीने घातलेल्या कोड्यांतून, कोकण-गोव्यातल्या हुमाणांतून ते वाचता न येणाऱ्या मुलाच्याही कानावर पडलेले असते. तोंडी येणारे कागदावर उतरवायचे, इतकेच उरते. कोड्याने गोष्ट वाचण्याची गोडी लागत नाही, हे खरे. म्हणून गोष्टीच्या तासाला त्याने हात लावू नये, धड्याअखेरची दहा मिनिटे त्याला पुरतात. त्या दहा मिनिटांत वह्यांची अदलाबदल करावी. शेजारचा अडला की उत्तर सांगायचे नाही, आपले सूत्र खोडून नवे लिहायचे.