अभ्यासक्रम कोण ठरवितो?

गेल्या ज्येष्ठातील गोष्ट. रात्रीची जेवणे उरकून घरातील मंडळी नेहमीप्रमाणे पुढच्या खोलीत बसली होती. आमची धाकटी सून एका महाविद्यालयात मराठी शिकविते. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर तिची नुकतीच नेमणूक झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मंडळाची बैठक होती. त्या बैठकीत मंजूर करावयाचा अभ्यासक्रम रात्री नऊच्या पुढे तिच्या मोबाइलवर येऊन थडकला. पाने साठांहून अधिक!

"मामंजी, हे वाचायचे केव्हा आणि त्यावर बोलायचे केव्हा?" तिने विचारले.

थोरले चिरंजीव बँकेत आहेत. ते वर्तमानपत्रातून डोके वर न काढताच म्हणाले, "अगं, होय म्हणावे आणि चहा पिऊन परत यावे. एवढे मनावर कोण घेतो?"

मंडळी हसली, आम्हांस मात्र हसू आले नाही. आमची नात त्याच विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षास बसणार होती. म्हणजे जे पोरीच्या पानात वाढावयाचे, त्याची चवही न घेता ते शिजले असे सांगावयाचे!

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी महाविद्यालयात शिकत असेल, कोणी शिकवीतही असेल. तथापि अभ्यासक्रम ठरतो कोठे, हे विचारल्यास दहांपैकी नऊ जण 'सरकार ठरविते' असे उत्तर देतील. ते सर्वस्वी खरे नव्हे. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार २०१६ च्या कायद्याप्रमाणे चालतो. त्यात प्रत्येक विषयाचे अभ्यासमंडळ असते, त्याच्या वर विद्याशाखा, आणि त्याच्याही वर विद्यापरिषद. पैशाअडक्याचे व रोजच्या कारभाराचे काम व्यवस्थापन परिषद पाहते. अर्थसंकल्प ज्या मोठ्या सभेपुढे जातो ती अधिसभा, म्हणजे जुन्या लोकांची सिनेट. एखादे पुस्तक नेमावे की काढावे, हा प्रश्न प्रथम अभ्यासमंडळाच्या टेबलावरच येतो. वरच्या सभांत एवढ्या तपशिलात शिरण्यास कोणास सवड नसते. सबब जे काही वाचावयाचे ते खालीच वाचले गेले पाहिजे.

या सभांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्यात आम्हां संस्कृतवाल्यांस थोडी लाज वाटावी असाही भाग आहे. मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. ते स्वतः शिकवीत नसे, परीक्षा घेई. कारभार सिनेटच्या हाती आणि सिनेटचे सभासद सरकारने नेमलेले. त्यांत न्यायाधीश, सरकारी अधिकारी, डॉक्टर, शहरातील धनिक असे सर्व प्रकारचे लोक असत, शिकविणारे थोडे. आरंभी परीक्षांत मराठीस जागा होती. पुढे थोड्याच वर्षांत ती मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी संस्कृत, लॅटिन यांसारख्या प्राचीन भाषा आल्या. कारण असे सांगण्यात आले की, देशी भाषांत उच्च परीक्षेस लावण्याजोगे वाङ्मयच नाही.

आम्ही स्वतः मॅट्रिकपुढे गेलो नाही. संस्कृत शिकलो ते गुरुजींच्या घरी, आणि त्यानंतर चौतीस वर्षे मुलांकडून शब्दरूपे घोकवून घेण्यात आमचा जन्म गेला. संस्कृताचे शाळांत जे बस्तान बसले, त्यास या निर्णयाचाही हात लागलेला आहे. म्हणजे मराठीस दाराबाहेर बसवून जो पाट मांडला गेला, त्यावर बसून आम्हीही जेवलो. हे कबूल करण्यास आम्हांस साठी ओलांडावी लागली.

या निर्णयाविरुद्ध ज्यांनी जन्मभर खटपट केली ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. १८६२ साली पदवी मिळविणाऱ्या पहिल्या चौघांतले ते एक. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दुसरे. रानडे सिनेटचे सभासद होते. त्यांनी काय केले? जाहीर सभा घेऊन आरडाओरडा केला नाही. 'मराठीत वाङ्मय नाही' हे प्रतिपक्षाचे म्हणणे होते ना? मग त्यांनी मराठी पुस्तकांची मोजदाद केली! कोणत्या विषयावर काय छापले गेले, पद्य किती, गद्य किती, नाटके किती, हे सारे एका न्यायाधीशाने दप्तर तपासावे तसे तपासले. १८६४ च्या सुमारास त्यांनी असा एक आढावा लिहिला होता. १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर पुन्हा टिपण लिहिले. या दोहोंत चौतीस वर्षांचे अंतर आहे. आमच्या सबंध नोकरीएवढे! रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले, आणि त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत देशी भाषांना स्थान मिळाले. ज्या भाषेत वाङ्मय नाही म्हणून ठरले होते, तिला २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला.

त्या जुन्या सिनेटचे आम्ही गोडवे गात आहो असे कोणी समजू नये. नेमलेल्या लोकांची ती सभा होती. १९०४ च्या कर्झनशाही कायद्याने सभासदांची मुदत पाच वर्षांवर आणली आणि काही जागा निवडणुकीने भरण्याची सोय केली, तरी बहुसंख्य जागा नेमणुकीच्याच राहिल्या. नामदार गोखल्यांनी कौन्सिलात या बिलास कसून विरोध केला तो उगीच नव्हे. परंतु तेथे मतभेद मांडता येत असे आणि तो कागदावर राहत असे. ठरावाने झालेली चूक ठरावानेच दुरुस्त होऊ शकली, याचे कारण हेच.

कधी कधी तर एका सर्वनामाने काम भागे. विद्यापीठाच्या नियमांत उमेदवाराचा उल्लेख सर्वत्र पुल्लिंगी होता, तेव्हा मुलींस परीक्षेस बसू द्यावे की नाही असा पेच पडला. १८८३ साली असा खुलासा करण्यात आला की, नियमांतील पुल्लिंगी सर्वनामात स्त्रियांचाही समावेश समजावा. आमच्या व्याकरणात यास एकशेष म्हणतात; माता आणि पिता मिळून 'पितरौ' होतात, तसेच हे. पुढे काही वर्षांतच कॉर्नेलिया सोराबजी याच विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. व्याकरण निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता उलट बाजू पाहा. २०१७ साली याच मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. कल्पना वाईट नव्हती. परंतु सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, यंत्रणा नवी, आणि ज्यांनी तपासावयाचे त्या शिक्षकांची पुरती तयारी करून घेतलेली नाही. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती टळली. निकाल सप्टेंबरापर्यंत रेंगाळले, कित्येक मुलांचे पुढील प्रवेश हुकले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंस पदावरून दूर करण्यात आले. शिक्षकांच्या अडचणी आधी नीट ऐकून घेतल्या असत्या तर हे सारे टळले असते, असे आमचे मत आहे.

मग सर्व काही शिक्षकांच्याच हाती द्यावे काय? आमचे चिरंजीव हाच प्रश्न करतात, आणि तो गैर नाही. शिक्षक आपल्या विषयाचे कुंपण राखण्यात मोठा तरबेज असतो. विषय गेला तर तासिका जातात, तासिका गेल्या तर नोकरी जाते. आम्हीच आमच्या शाळेत संस्कृताच्या तासांसाठी काय काय युक्त्या लढविल्या, ते येथे न सांगितलेले बरे. रानडे तर शिकविण्याचा व्यवसाय सोडून न्यायासनावर गेलेले गृहस्थ होते. तेव्हा बाहेरचा जाणता माणूस सभेत असावा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु वर्गात काय शिकवावे याचा पहिला शब्द, वर्गात उभा राहतो त्याचा असला पाहिजे. आणि तो शब्द उच्चारण्यास त्याला निदान पंधरा दिवसांचा अवधी मिळाला पाहिजे. नेमलेला सभासद असो वा निवडलेला, न वाचता मान डोलावणारे दोघेही सारखेच. निवडणुकीचीही कथा फार उजळ नाही. मुंबईच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा आहेत. आधीच्या सभेची मुदत २०२२ साली संपली, आणि निवडणूक पुढे ढकलता ढकलता २०२४ च्या सप्टेंबरात, तीही उच्च न्यायालयाने बजावल्यावर झाली.

असो. त्या रात्री आम्ही सूनबाईस म्हटले, "निम्मी पाने आमच्याकडे दे." नातीने ती कागदावर छापून दिली, कारण पडद्यावरील अक्षर आमच्या डोळ्यांस मानवत नाही. चहा दोनदा झाला. दीडच्या सुमारास आमच्या लक्षात आले की, तिसऱ्या सत्रास नेमलेला एक गद्यसंग्रह कित्येक वर्षांत छापलाच गेलेला नाही. सूनबाईच्या महाविद्यालयात त्याची एकच प्रत आहे, तीही पाने निसटलेली. आणि व्याकरणाच्या पत्रिकेत जुन्या अभ्यासक्रमातील एक प्रकरण दोनदा उतरले होते. सूनबाईने दोन्ही गोष्टी एका कागदावर स्वच्छ लिहून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी परतली. बैठक चाळीस मिनिटांत आटोपली होती. दोनदा आलेले प्रकरण गाळण्यात आले. पुस्तकाविषयी अध्यक्ष म्हणाले की, आता वेळ उरला नाही, पुढील वर्षी पाहू. तेव्हा सूनबाईने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवावा असे सांगितले, आणि नोंद होईपर्यंत ती जागची उठली नाही.

"दोन ओळी लिहिल्या आहेत, मामंजी," ती म्हणाली, आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेली. नातीने तेवढ्यात त्या गद्यसंग्रहाची जीर्ण प्रत तिच्या पिशवीतून काढून घेतली होती.