ढालीचे भय

१९६४ च्या जानेवारीअखेर उदयपूरला देशोदेशीचे शास्त्रज्ञ जमले होते. निमित्त होते पगवॉश परिषदेच्या बाराव्या अधिवेशनाचे. जॅक रुइना आणि मरे गेल-मान या दोन अमेरिकनांनी तिथे एक निबंध मांडला. त्याचा मथितार्थ प्रथम ऐकणाऱ्याला उफराटाच वाटावा : शत्रूची क्षेपणास्त्रे आकाशात पाडणारी यंत्रणा उभारण्याच्या भरीस पडू नका, तिने धोका वाढेल.

वाहिन्यांवरची रोजची खडाजंगी पाहून, तज्ज्ञांच्या बोलण्यातून कधी काही निघते का, असा प्रश्न कुणालाही पडतो. त्या दृष्टीने या निबंधाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

पगवॉश हे कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातले लहानसे गाव. रसेल-आइनस्टाइन जाहीरनामा जुलै १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरची शास्त्रज्ञांची पहिली बैठक खरे तर भारतात व्हायची होती, नेहरूंनी तशी तयारी दाखवली होती. पण सुएझचा पेच उद्भवला आणि बेत बारगळला. अखेर सायरस ईटन या उद्योगपतीने सर्वांना आपल्या जन्मगावी बोलावले आणि खर्चही उचलला. जुलै १९५७ मध्ये २२ शास्त्रज्ञ आले. त्यांत तिघे सोव्हिएत होते, एक चिनी. प्रत्येकाने स्वतःच्या नावे बोलायचे, सरकारच्या वतीने नव्हे, आणि कोण काय बोलले ते बाहेर फोडायचे नाही, असा रिवाज पडला. सोव्हिएत मंडळी सरकारच्या संमतीविना येत नसत, हे उघड होते. माझ्या मते उपयोग त्यातच होता. ऐकलेले योग्य कानावर घालणारा माणूस खोलीत बसलेला असे.

आता मूळ मुद्दा. समजा, एका देशाने ढाल उभारली. दुसरा ती भेदण्यासाठी जास्त क्षेपणास्त्रे बनवणार, कारण अडवण्यापेक्षा मारणे स्वस्त. ही झाली पहिली अडचण. दुसरी अधिक घातक आहे. शंभर क्षेपणास्त्रे एकदम आली तर कोणतीही ढाल तोकडी पडते. पण आपणच आधी हल्ला करून शत्रूची बहुतेक क्षेपणास्त्रे जमिनीवरच नष्ट केली, तर उरलेली पाच-दहा ती अडवू शकेल. म्हणजे ढाल हाती आली की पहिला वार करण्याचा मोह वाढतो. समोरच्यालाही हे कळते, म्हणून तोही घाई करू पाहतो.

सोव्हिएतांना हे पटेना. महायुद्धात दोन कोटींहून अधिक माणसे गमावलेल्या देशाला 'बचाव करू नका' हा सल्ला कसा रुचावा? जून १९६७ मध्ये ग्लासबरो इथे अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी हेच मांडले, तेव्हा पंतप्रधान कोसिगिन संतापले. त्यांच्या लेखी बचावाची शस्त्रे नैतिकच होती. दरम्यान पॉल डोटी आणि मिल्यॉनश्चिकोव्ह यांच्या पुढाकाराने दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांचा एक लहान गट याच विषयाचा कीस पाडत राहिला.

२६ मे १९७२ रोजी मॉस्कोत निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या करारावर सह्या केल्या. प्रत्येकी दोनच ठिकाणे. १९७४ मध्ये एकच. याचे सारे श्रेय शास्त्रज्ञांना देणे भाबडेपणाचे ठरेल. खर्च डोईजड होता आणि यंत्रणा भरवशाच्या नव्हत्या. पण राजकारण्यांना तडजोडीची गरज भासली तेव्हा तिचे तर्कशास्त्र मॉस्कोतल्या जाणत्यांना नवे राहिले नव्हते, एवढे नक्की. आणि तेवढेच. एकाच क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रे बसवण्याची शर्यत मोकळीच राहिली, ती कुणाला अडवता आली नाही.

जून २००२ मध्ये अमेरिका या करारातून बाहेर पडली. १ मार्च २०१८ च्या भाषणात पुतिन यांनी नवी अस्त्रे दाखवली आणि कारण म्हणून त्याच निर्णयाकडे बोट दाखवले; ढाल चुकवून जाणे हाच त्या अस्त्रांचा गुण म्हणून सांगितला गेला. मे २०२५ मध्ये ट्रम्प यांनी 'गोल्डन डोम'चा आराखडा जाहीर केला. यावेळची ढाल अवकाशातूनही क्षेपणास्त्रे अडवणार आहे.