निळीच्या भिंतींचा वाडा

मलेशियातल्या पिनांग बेटावर लोक मुख्यतः खायला जातात. जॉर्जटाउनच्या गल्ल्यांत आंबटतिखट लक्सा, तमिळ मुसलमानांच्या खानावळीतला नासी कांदार आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या नूडल्सच्या गाड्या सोडून इमारती बघत हिंडणारे त्या मानाने थोडेच. पण लीथ स्ट्रीटवर खवय्येही थबकतात. रस्त्याकडेला एक दुमजली वाडा आहे आणि तो नखशिखान्त निळा आहे. आकाशी नाही, मोरपंखी नाही. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात देतात त्या निळीचा, गडद, जरा धुरकट रंग. वाड्याचं नाव चिआँग फात त्झे मॅन्शन, पण गावात विचारायचं ते ‘ब्लू मॅन्शन’ म्हणूनच.

चिआँग फात त्झे १८४० साली चीनच्या क्वांगतुंग प्रांतात एका गरीब हक्का कुटुंबात जन्मला. हक्का म्हटलं की आपल्याला नूडल्स आठवतात. ही खरं तर दक्षिण चीनमधली, पिढ्यान्‌पिढ्या स्थलांतर करत आलेली माणसं. पोरसवदा वयात तो बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला गेला. तिथे त्याने पाणी वाहिल्याची कथा सांगतात. मग एका व्यापाऱ्याचा जावई झाला आणि सासऱ्याच्या भांडवलावर त्याने जे काही उभं केलं त्याला तोड नव्हती. सुमात्रात आचेच्या सल्तनतीशी लढणाऱ्या डच फौजांना रसद पुरवणं, मळे, पिनांग आणि सुमात्रादरम्यानच्या आगबोटी, शिवाय अफूच्या विक्रीचे सरकारी मक्ते. हे शेवटचं कलम वाड्याच्या कौतुकात हळूच गाळलं जातं, ते गाळू नये. त्या काळच्या आग्नेय आशियातल्या बहुतेक मोठ्या चिनी घराण्यांच्या तिजोरीत अफूचा पैसा होता, आणि मुंबईच्याही काही नामांकित दानशूरांच्या होता.

पुढे तो चीनच्या बादशाहीचा पिनांगमधला वकील झाला, दरबारचा मानकरी झाला. १८९२ साली त्याने चीनमध्ये यानताई इथे द्राक्षांच्या वाइनचा कारखाना काढला. ती कंपनी आजही चालू आहे. १९१५ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याला चीनचा रॉकफेलर म्हटलं. पुढच्याच वर्षी तो वारला, तेव्हा डच आणि इंग्रज दोन्ही सरकारांनी आपापल्या वसाहतींत झेंडे अर्ध्यावर उतरवल्याचं सांगतात.

त्याची घरं अनेक होती आणि बायका आठ. लीथ स्ट्रीटवरचा वाडा मात्र त्याने मनापासून बांधला. १८९७ च्या सुमारास सुरू झालेलं काम सातेक वर्षं चाललं. अडतीस खोल्या, दगडी फरसबंदीचे पाच चौक, सात जिने आणि दोनशे वीस खिडक्या. मांडणी पक्की चिनी आहे: मधोमध मोठा चौक, भोवती सोपे, दोन्ही अंगांना समांतर पाखे. पुण्या-वाईचे वाडे पाहिलेल्या माणसाला आत शिरल्यावर परकं वाटत नाही. चौकात पाऊस थेट पडतो, उजेड वरून येतो, गरम हवा वर निघून जाते. पाठीशी डोंगर आणि समोर पाणी हे फेंगशुईचं गणित जुळवायला वाडा रस्त्याला किंचित तिरका बसवला आहे. पाणी म्हणजे लक्ष्मी, तेव्हा छपरावरचं पाणी भिंतींतल्या आणि जमिनीखालच्या नळांतून फिरवून मगच बाहेर सोडायचं, अशीही योजना केली आहे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी धो धो पावसाच्या गावात पाण्याचा इतका विचार करणारा गवंडी हुशारच म्हणायचा.

सामान मात्र जगभरचं. फरशा इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या. मुंबईतल्या व्हिक्टोरियन इमारतींत चालताना ज्यांच्याकडे आपण बघतही नाही, त्याच जातीच्या. ओतीव लोखंडाचे खांब आणि कठडे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे. खिडक्यांना झडपा, त्यांवर त्या वेळी युरोपात नव्याने निघालेल्या वळणाच्या रंगीत काचा. आणि लाकडी कोरीवकामावर सोन्याचा मुलामा देणारे कारागीर चीनचे. इतक्या मुलखांतून आलेल्या वस्तू एका छताखाली आल्या की बहुतेक वेळा प्रदर्शन होतं, घर होत नाही. इथे ते निभावलं, कारण चिनी घराचा सांगाडा कुणाला हलू दिलेला नाही; बाकी सगळं त्याच्या अंगावर चढवलेलं आहे.

भिंतींवरची नीळ भारतातून आली. विरवलेल्या चुन्यात वनस्पतीची नीळ कालवून तिचे हात दिले की हा रंग येतो. वाड्याचा पाया घातला जात होता त्याच सुमारास, १८९७ साली, जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहार-बंगालच्या नैसर्गिक निळीचा धंदा काही वर्षांतच बसला. रयतेला सक्तीने नीळ पेरायला लावणारे मळेवाले पुढे चंपारणच्या सत्याग्रहामुळे देशभर माहीत झाले. लीथ स्ट्रीटवरच्या रंगामागे तोही घाम आहे.

आता मृत्युपत्राबद्दल. वाडा आपल्या वंशात राहावा म्हणून चिआँगने अट घातली: शेवटचा मुलगा जिवंत असेपर्यंत तो विकायचा नाही. हा शेवटचा मुलगा बापाच्या सत्तरीनंतर जन्मलेला. त्यामुळे अट पाऊण शतक लागू राहिली. वाडा विकला गेला नाही हे खरं, पण राखलाही गेला नाही. कर्त्यामागे उत्पन्न आटलं, जपानी अंमल आला, गेला, आणि खोल्या एकेक करून भाड्याने गेल्या. शेवटी तिथे तीसेक बिऱ्हाडं राहत होती. कागदावर सुरक्षित असलेला वाडा आतून झिजत होता.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट निराळी सांगायला नको. सदाशिव पेठेपासून गिरगावापर्यंत हेच नाटक आपण पाहिलं आहे: वारसांचं एकमत नाही, भाडं गोठलेलं, मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरूला करायचा हक्क नाही, आणि एका पावसाळ्यात मागची भिंत बसते. पिनांगलाही भाडेनियंत्रणाचा कायदा होता, महायुद्धाआधीच्या आणि लगतच्या काळातल्या इमारतींना लागू. तो सन २००० उजाडताना रद्द झाला. गंमत म्हणजे महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदाही त्याच वर्षी मार्चअखेरीस अमलात आला. फरक एवढाच, की आपण गाठ थोडी सैल केली आणि त्यांनी ती एकदम कापली. तिथे भाडी चढली, जुनी बिऱ्हाडं निघाली आणि रिकाम्या दुकानघरांत हॉटेलं शिरली.

शेवटचा मुलगा १९८९ मध्ये वारला आणि वाडा विक्रीला मोकळा झाला. शहरात तेव्हा उंच बांधायची चढाओढ होती. पासष्ट मजली कोमटारचा मनोरा नुकताच पुरा झाला होता. जुन्या दुमजली वाड्याखालची एवढी जमीन कोणत्याही बिल्डरला गोड लागली असती. वास्तुविशारद लॉरेन्स लो, त्यांच्या पत्नी लिन ली लो-लिम आणि काही मित्रांनी मिळून तो घेतला. सरकारी खातं नाही, संग्रहालय नाही. आपल्या खिशातून जोखीम घेणारी मंडळी.

नव्वदच्या दशकात काही वर्षं दुरुस्ती चालली. तिचं खरं मर्म चुन्यात आहे. जुनी विटांची भिंत जमिनीतली ओल वर शोषते. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडते, सोबत आलेले क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरे फुलतात, ते झाडले की भिंत कोरडी. त्याच भिंतीला सिमेंट फासलं आणि वर प्लास्टिकचा रंग मारला, की ओल आत कोंडते, क्षार विटेच्या पोटात जमतात आणि वीट भुगा होऊन गळू लागते. वरून भिंत तुळतुळीत, आतून पोकळ. आपल्याकडे कितीतरी देवळं, वाडे नि धर्मशाळा अशा जीर्णोद्धाराने मेल्या आहेत, आणि देणगीदाराचं नाव संगमरवरात कोरलेलं आहे. इथे चुना परत आला, निळीचा हात परत आला. असा रंग पावसात झिजतो, दर काही वर्षांनी द्यावा लागतो. ज्याला ‘एकदा करून मोकळं’ व्हायचंय त्याच्यासाठी ही पद्धत नाही.

दुसरं अवघड काम चिएन निएनचं. मुद्दाम पातळ भाजलेल्या रंगीत चिनीमातीच्या वाट्या पकडीने कातरायच्या, त्या तुकड्यांतून पाकळ्या, पिसं, माशांचे खवले घडवायचे आणि ते एकेक करून चुन्याच्या लगद्यात रोवायचे. छपराच्या मुडप्यांवर आणि भिंतींवर या कामाची फुलं, पक्षी, माणसं आहेत. मलेशियात हे जाणणारे हात उरले नव्हते म्हणून कारागीर चीनमधून आणावे लागले. तुटलेलं सगळं नव्याने बनवून चकचकीत करणं सोपं होतं. जे टिकलंय ते ठेवून फक्त गेलेलं भरणं याला वेळ लागतो आणि डोळा लागतो. जुनं कुठे संपतं नि नवं कुठे सुरू होतं हे जवळून पाहिलं तर कळतं, आणि ते कळू दिलं हे मला आवडलं.

अर्धवट दुरुस्त झालेल्या या वाड्यात फ्रेंच चित्रपट ‘इंदोशीन’चं चित्रीकरण झालं, तो १९९२ मध्ये आला आणि त्याला परभाषेतल्या उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पुढे ‘क्रेझी रिच एशियन्स’मधला माहजोंगच्या पटावरचा सामनाही इथलाच. युनेस्कोने आशिया-पॅसिफिकसाठी वारसा-जतनाचे पुरस्कार सन २००० मध्ये सुरू केले तेव्हा पहिल्याच वर्षीचा सर्वोच्च मान या घराला मिळाला. जॉर्जटाउन शहर मलाक्कासोबत जागतिक वारसा यादीत आलं ते २००८ साली, म्हणजे बरंच नंतर. वाड्याने शहराला वाट दाखवली असं म्हणायला हरकत नाही.

घराचं अतिथिगृह करण्यामागे हौस कमी आणि हिशेब जास्त होता. चुन्याचे हात, कौलं, लाकडाची वाळवी, हे सगळं दरसाल पैसे खातं आणि तिकिटांवर ते भागत नाही. म्हणून काही खोल्या मुक्कामाला दिल्या. आज त्या अठरा आहेत. न्हाणीघरं नवी घालावी लागली, वातानुकूलन आलं, पण मोठे चौक आणि मधला दिवाणखाना कुणा एकाच्या खोलीत गेले नाहीत. संग्रहालयातल्या दोरीपलीकडच्या पलंगापेक्षा माणसाच्या अंगाखाली कुरकुरणारा पलंग घराला जास्त जगवतो, असं माझं मत आहे. ते सगळ्यांना पटत नाही आणि त्यांचीही बाजू आहे. रस्त्यापलीकडे चिआँगने नोकरचाकरांसाठी बांधलेली घरांची ओळ आहे. तिथे आता खाण्यापिण्याचे अड्डे आहेत. नोकरांच्या खोल्यांचा इतिहास कॉकटेलच्या यादीत विरघळतो तेव्हा काहीतरी हातचं गेलेलं असतं. तीस बिऱ्हाडांच्या आठवणीही सोनेरी पडद्यांच्या गोष्टीत दोन वाक्यांत उरकल्या जातात.

मुंबईहून गेलात तर बहुधा क्वालालंपूरला विमान बदलून पिनांगला उतरायचं. वाडा जुन्या शहरातच आहे. प्रसिद्ध ईस्टर्न अँड ओरिएंटल हॉटेल तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. मुक्काम परवडला नाही तरी माहितगारासोबतची फेरी घ्यावी. ती ठरावीक वेळांना निघते, तेव्हा आधी चौकशी करून जावं. तिकिटाच्या रांगेत उभं राहिलात की बाहेरच्या भिंतीला हात लावून बघा. बोटांना निळी पूड लागली तर तो रंग अजून खरा चुन्याचा आहे.